सहा जणांचा मेळ

बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे सैन्य सारखेच असते आणि ते कोणत्या घरात उभे करायचे हेही आधीच ठरलेले असते. पत्त्यांत हाती काय यावे हे पिसणाऱ्यावर आणि नशिबावर. या दोहोंहून निराळा असा खेळांचा एक तिसरा वर्ग आहे. त्यात आपले सैन्य आपणच निवडायचे, घडवायचे, पोसायचे असते आणि डाव सुरू होण्यापूर्वीच अर्धीअधिक लढाई त्या निवडीत लढली गेलेली असते. पोकेमॉन हा या वर्गातला बहुधा सर्वांत जास्त खेळला गेलेला खेळ असावा. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडावा की नाही याविषयी मी बराच काळ साशंक होतो. २००३ पासून आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर दिसू लागलेला एक पिवळा उंदीर, एवढीच आपल्यापैकी अनेकांची या प्रकरणाशी ओळख. पण काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला आपली एक वही दाखवली. पानापानावर सहा-सहा नावांच्या याद्या, त्यांतली दोन-तीन खोडलेली, समासात खोडण्याची कारणे, पुढच्या पानावर पुन्हा तीच यादी एका नावाच्या फरकाने. मागच्या पानांवर पाच-पाचच्या जुड्यांनी मारलेल्या शेकडो रेघा. एखाद्या कवीचे कच्चे हस्तलिखित पाहावे तसे मी ते पाहत राहिलो. या खाडाखोडीला काही इतिहास असला पाहिजे असे वाटले. तो शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

प्रारंभ एका नियतकालिकापासून होतो, हे वाचकांना रुचावे. टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात वाढलेल्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर पसरत गेले तशी तिथली शेते आणि तळी बुजत गेली. १९८३ साली ताजिरींनी 'गेम फ्रीक' नावाचे एक अनियतकालिक सुरू केले. हाताने लिहिलेले, हाताने स्टेपल केलेले, आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांच्या चुलत घराण्यात शोभावे असे. फरक एवढाच की त्यात कविता नसून व्हिडिओ गेमच्या खाचाखोचा आणि डावपेच असत. केन सुगिमोरी हे त्यातले चित्रकार. पुढे १९८९ मध्ये या अनियतकालिकाची कंपनी झाली आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तिचा 'पॉकेट मॉन्स्टर्स : रेड आणि ग्रीन' हा खेळ जपानमध्ये गेम बॉयवर आला. दोन गेम बॉय जोडणाऱ्या तारेवरून किडे इकडून तिकडे सरपटत जात आहेत, ही कल्पना खेळाच्या मुळाशी असल्याचे ताजिरींनी सांगितले आहे. म्हणजे ती तार आधी देवाणघेवाणीची होती. लढाईची ती नंतर झाली.

नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे. संघ सहा प्राण्यांचा. प्रत्येकाला जास्तीत जास्त चार चाली येतात. प्रत्येक प्राण्याचा एक किंवा दोन 'प्रकार' असतात : पाणी, आग, वनस्पती, वीज, जमीन इत्यादी. पाणी आगीला दुप्पट लागते, आग वनस्पतीला, वनस्पती पाण्याला. काही जोड्यांत परिणाम निम्मा होतो, काहींत शून्य. जमिनीला वीज लागतच नाही. दोन प्रकारांचा प्राणी दोन्हीकडून दुबळा असला तर मार चौपट. आणि सर्वांत महत्त्वाचे : दोन्ही खेळाडू आपापली चाल एकाच वेळी, एकमेकांपासून लपवून ठरवतात. मैदानातला प्राणी मागे घेऊन दुसरा पाठवता येतो, पण त्यात त्या खेपेची चाल खर्च होते आणि नव्याने आलेल्याला समोरचा फटका सोसावा लागतो. म्हणून 'माझा कोणता प्राणी बलवान' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कोण कोणाच्या जागी, कोणता फटका झेलत आत येऊ शकेल, हा खरा प्रश्न. संघ म्हणजे सहा बलवानांची बेरीज नव्हे, हे कळण्यासाठी मात्र खेळाडूंना काही वर्षे लागली. आणि त्यात दोष केवळ त्यांचा नव्हता.

पहिल्या खेळाचे जग सदोष होते. १५१ प्राणी, पंधरा प्रकार. परंतु त्यांतला मनोशक्तीचा प्रकार सर्वांवर भारी पडत असे. मनोशक्तीला भय फक्त भुतांचे आणि किड्यांचे, असे खेळातलेच एक पात्र आपल्याला सांगते. प्रत्यक्षात किड्यांच्या चाली अगदी दुबळ्या होत्या, आणि भुतांच्या चालीचा मनोशक्तीवर काहीच परिणाम होऊ नये अशी चूक आज्ञावलीत राहून गेली होती. म्हणजे पात्र एक सांगते आणि जग दुसरेच वागते. साहित्यात याला आपण अविश्वसनीय निवेदक म्हणून गौरविले असते. येथे ती शुद्ध चूक होती. शंभर टक्के अचूक म्हणून सांगितलेली चालही २५६ मध्ये एकदा हुकत असे. वेग जास्त असलेल्या प्राण्याचा वर्मी घाव बसण्याची शक्यताही जास्त असे, त्यामुळे वेगवान प्राणी दुहेरी लाभात. याहून दूरगामी दोष असा की पुरेसे कष्ट घेतले तर एकाच प्राण्याचे सगळे गुण एकाच वेळी कमाल मर्यादेपर्यंत नेता येत. काहीही सोडावे लागत नसे. अशा जगात टॉरोस, चॅन्सी आणि स्नोरलॅक्स हे तिघे जवळजवळ प्रत्येक जाणत्या संघात असत, आणि उरलेल्या तीन जागांसाठीही मोजकेच उमेदवार.

निवडीला काही अर्थ यायचा तर टंचाई हवी. ती पहिल्यांदा आली नियमांच्या रूपाने, खेळाच्या बाहेरून. १९९७ च्या जपानमधील निंटेंडो चषकात असा दंडक होता की प्रत्येक प्राण्याची पातळी ५० ते ५५ यांदरम्यान असावी, सहांपैकी तिघे निवडून लढावे आणि त्या तिघांच्या पातळ्यांची बेरीज १५५ हून अधिक नसावी. हा आकडा मला फार बोलका वाटतो. एकाला ५५ वर न्यायचे तर उरलेल्या दोघांनी ५० वरच थांबले पाहिजे. किंवा ५३, ५२, ५० असे वाटप करता येते, किंवा ५२, ५२, ५१. या पाच वाढीव पातळ्या कोणाच्या ताटात वाढायच्या? येथे प्रथमच खेळाडूला आपल्या आवडत्या प्राण्याकडे पाहून हिशेब करावा लागला. संघबांधणी नावाची गोष्ट मी या बेरजेपासून धरतो.

१९९९ च्या 'गोल्ड आणि सिल्व्हर'ने बरीच डागडुजी केली. काळोख आणि पोलाद हे दोन नवे प्रकार येऊन मनोशक्तीची सद्दी संपली. प्राण्यांना हातात एखादी वस्तू धरता येऊ लागली. त्यांतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे उरलेसुरले अन्न, जे दर खेपेस सोळाव्या हिश्श्याइतकी शक्ती परत देते. परिणाम असा झाला की डाव लांबले, बचाव वरचढ ठरला आणि स्नोरलॅक्स नावाचे झोपाळू धूड सर्वत्र मधोमध बसून राहिले. या पर्वाचे भक्त आजही आहेत. मी त्यांत नाही.

खरा पालट २००२ च्या नोव्हेंबरात, 'रूबी आणि सफायर' या जोडीने झाला. जुन्या खेळांतले प्राणी नव्या खेळात आणता येईनात, आणि प्राणी घडवण्याचे गणित मुळापासून बदलले. यापुढे प्रत्येक प्राण्याला प्रशिक्षणाचे एकूण ५१० गुणच मिळणार, आणि ते सहा क्षमतांत वाटायचे : शक्ती, आक्रमण, बचाव, विशेष आक्रमण, विशेष बचाव, वेग. शंभराव्या पातळीवर चार गुण दिले की क्षमता एकाने वाढते. भरीला पंचवीस 'स्वभाव' आले. बहुतेक स्वभाव एक क्षमता दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरी तितकीच घटवतात. भित्रा प्राणी वेगवान, पण त्याचा प्रहार हलका. सर्वांगपरिपूर्ण प्राणी ही कल्पनाच बाद झाली. एकाच जातीचे दोन प्राणी आता दोन वेगळ्या हेतूंनी घडवता येऊ लागले, आणि घडवणाऱ्याचा हात ओळखू येऊ लागला.

वहीतल्या रेघांचा उलगडा येथे होतो. हे गुण रानातल्या प्राण्यांना हरवून मिळतात; अमुक प्राणी हरवला की वेगाचा एक, तमुक हरवला की आक्रमणाचा एक. आणि खेळ हा हिशेब पडद्यावर दाखवत नसे. म्हणून कागदावर रेघा मारत, एकच क्षुल्लक प्राणी शेकडो वेळा हरवत बसायचे. त्याआधी मनाजोगता प्राणी अंड्यातून मिळवायचा. प्रत्येक क्षमतेची जन्मजात देणगी ० ते ३१ यांपैकी कोणत्याही आकड्याची असते. सहाही क्षमतांत ३१ असलेला प्राणी निव्वळ दैवावर सोडला तर सुमारे १०७ कोटींत एक. त्यात हवा तोच स्वभाव जुळायचा म्हटले तर ही संख्या पंचवीसपट. अर्थात कोणी इतके दैवावर सोडत नसे, आईबापांकडून वारसा मिळवण्याच्या युक्त्या होत्या. पण एका संघामागे आठवडे, महिने जात. मी विचारले तेव्हा त्या विद्यार्थ्याने शांतपणे सांगितले, ''सर, हे खेळणं नाही. ही खेळण्याआधीची मजुरी आहे.''

ही मजुरी टाळण्याची वाट खेळाच्या बाहेर निघाली. 'नेटबॅटल' आणि त्यानंतर आलेल्या अशाच प्रणालींत प्राणी पोसावा लागत नसे. आकडे लिहायचे की संघ तयार. रचना आणि श्रम यांची अशी फारकत झाली. लगेच जे घडले ते समीक्षेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे. प्रयोग स्वस्त झाले, दिवसाला दहा संघ पारखता येऊ लागले, आणि त्या अनुभवाविषयी लिहिणारे लोक निर्माण झाले. २००४ च्या अखेरीस 'स्मोगॉन' हा समुदाय उभा राहिला (कॉफिंग या धूरओक्या प्राण्याचे जर्मन नाव), आणि टोपणनावांनी लिहिणाऱ्या हौशी मंडळींनी प्रत्येक प्राण्यावर टीपा, खंडने, दुरुस्त्या यांचा डोंगर उभारला. गेम फ्रीकचे हाताने स्टेपल केलेले अंक ज्या वृत्तीतून निघाले, तीच ही वृत्ती.

या लोकांनी घडवलेली परिभाषा नेमकी आहे. फटके झेलत उभा राहणारा प्राणी म्हणजे 'वॉल', भिंत. समोरचा संघ झाडून काढणारा तो 'स्वीपर'. आणि 'काउंटर' व 'चेक' यांतला भेद तर मला आपल्या कित्येक समीक्षासंज्ञांहून काटेकोर वाटतो. शत्रूच्या फटक्यावर सुखरूप आत येऊन त्याला निश्चित परतवतो तो काउंटर; आधीच मैदानात असेल तर मात करू शकतो, पण फटका झेलत आत येऊ शकत नाही तो चेक. प्राण्यांची प्रतवारीही कोणा पंडिताच्या मतावर राहिली नाही. वीस डावांत किमान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असावी, या हिशेबाने दीर्घकाळ ३.४१ टक्के वापर ही वरच्या श्रेणीची सीमारेषा होती. त्याहून कमी वापरले जाणारे खालच्या श्रेणीत जात, आणि तेथे त्यांचे स्वतंत्र जग उभे राही. अभिजाततेचा निकष वाचकसंख्या ठरवते की जाणकार, हा आपला जुना वाद त्यांनी दोन्ही मार्गांनी सोडवला : खालची सीमा वापराने ठरायची आणि वरची, म्हणजे अतिबलवानांना हद्दपार करण्याची, पात्र खेळाडूंच्या मतदानाने. २००६ च्या पर्वात आलेला गारचॉम्प हा नखेदार ड्रॅगन याच मार्गाने त्यांच्या मुख्य श्रेणीतून बाहेर गेला.

मेळ म्हणजे काय याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण या २००२ च्या पर्वातलेच आहे, म्हणून जरा थांबतो. स्कार्मोरी हा पोलादी पक्षी आणि ब्लिसी ही गुबगुबीत परिचारिका. स्कार्मोरीचा मूळ बचाव १४०. अंगावर येणारे शारीरिक घाव तो सहज पचवतो, पण आग आणि वीज त्याला जड जातात. त्या काळी आग आणि वीज या प्रकारांच्या सर्व चाली 'विशेष' गणल्या जात. ब्लिसीची मूळ शक्ती २५५, विशेष बचाव १३५, म्हणून विशेष मारा तिच्यावर फुकट जातो. मात्र तिचा शारीरिक बचाव अवघा १०, आणि कुस्तीचा एखादा ठोसा तिला आडवी करतो. तो ठोसा झेलायला पुन्हा स्कार्मोरी. एकाच्या उणिवेत दुसऱ्याची जागा अशी कोरलेली की जणू एकाच शिल्पाचे दोन तुकडे. शेकडो संघ या जोडीपुढे थकून हरले.

मग या जोडीवर उतारा निघाला तोही जोडीच्या रूपाने. मॅग्नेटॉन आपल्या चुंबकत्वाने पोलादी प्राण्याला मागे फिरू देत नाही, आणि विजेने त्याचा निकाल लावतो. डगट्रिओ जमिनीवरच्या प्राण्याला असाच अडकवतो. ब्लिसी त्याच्या तावडीत सापडते. मेळाचा प्राण अदलाबदलीत आहे हे ओळखून नेमकी अदलाबदलच तोडायची. यात ताकदीचा प्रश्न नव्हता. समोरच्याची रचना वाचण्याचा होता. आपला संघ हा आपल्या समकालीनांचे वाचन असतो, ही गोष्ट येथपासून सर्वमान्य झाली. पुढच्या, २००६ च्या 'डायमंड आणि पर्ल'मध्ये चाल शारीरिक की विशेष हे प्रकारावरून न ठरता चालीगणिक ठरू लागले आणि या जोडीचा तो कोरीव सांधा ढिला झाला. त्याच पर्वात जमिनीवर टोकदार दगड पेरण्याची चाल आली. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते बोचतात, आणि पंखांचा अग्निधारी चॅरिझार्ड नुसता आत आला तरी निम्मी शक्ती गमावतो. पिढ्यानुपिढ्यांचा लाडका प्राणी एका चालीने अडगळीत गेला.

आतापर्यंत सांगितले ते मुख्यतः एकास एक लढतींविषयी. २००९ पासून अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू झाल्या त्या मात्र दुहेरी, दोनास दोन अशा. पहिली सॅन डिएगोला झाली. त्यानंतर २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे रे रिझो हा एकच खेळाडू विजेता ठरला. दुहेरी लढतीत शेजाऱ्याची काळजी घेणाऱ्या चालींना एकाएकी भाव आला. त्यांतली एक म्हणजे 'माझ्याकडे बघा' अशी हाक देऊन शत्रूचे सगळे वार स्वतःवर ओढून घेणे.

या चालीची कथा २०१४ साली वॉशिंग्टनला घडली. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क अंतिम फेरीत उतरला तेव्हा त्याच्या संघात गारचॉम्प होता, गायराडोस होता, आणि त्यांच्या सोबत पाचिरिसू नावाची एक खार होती. गारचॉम्पच्या मूळ गुणांची बेरीज ६००, गायराडोसची ५४०, या खारीची ४०५. कोणत्याही गंभीर यादीत तिचे नाव नव्हते. पण गायराडोसला वीज चौपट लागते. खार तो विजेचा वार स्वतःवर ओढून घेते आणि तिच्या अंगच्या गुणामुळे त्या विजेने तिची शक्ती उलट वाढते. हेच काम करणारे इतर प्राणी होतेच. परंतु अमूनगस हे भूछत्र जी चाल वापरते ती भुकटीची, आणि २०१३ पासून वनस्पतींना भुकटी लागेनाशी झाली होती. खारीच्या हाकेला तो अपवाद नव्हता. पार्कने तिचे गुण बचावात असे वाटले होते की अंतिम फेरीत हायड्रायगनचा उल्कावर्षाव अंगावर घेऊनही ती उभी राहिली. तो क्षण पाहताना प्रेक्षागृहात झालेला गलका चित्रफितीत ऐकू येतो. दुबळ्याने बलवानाला जिंकले अशी ही गोष्ट सर्वत्र सांगितली गेली. मला ती तशी वाटत नाही. खार दुबळी नव्हतीच. त्या पाच जणांशेजारी, त्या वर्षी, तिच्याइतके त्या जागेला योग्य दुसरे कोणी नव्हते. एकटी काढून पाहिली तर ती ४०५ गुणांची खारच.

आणि पुढच्याच वर्षी, २०१५ साली, बॉस्टनला जपानचा शोमा होनामी जिंकला तो क्रेसेलिया, हीट्रान, अमूनगस, लँडोरस, कांगास्खान अशा सर्वांना पाठ असलेल्या पंचकाच्या जोरावर. इतका रुळलेला हा मेळ की त्याला पाच आद्याक्षरांचे टोपणनावही पडले होते. या विजयाच्या गोष्टी कोणी फारशा सांगत नाही. रूढ वृत्तात निर्दोष लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे नेहमीच येते. तरीही ठरलेल्या बंधातला एकेक आकडा घासून घासून तेज करणे हे नव्या प्राण्याच्या शोधापेक्षा हलके काम आहे, असे मी म्हणणार नाही.

मजुरीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. अधिकृत स्पर्धेत खराखुरा पोसलेला प्राणीच लागे. पुढच्या खेळांनी ओझे बरेच हलके केले. २०१३ नंतर आईबापांकडून सहापैकी पाच देणग्या उतरवणे सोपे झाले, २०१६ पासून जन्मजात उणीव नंतर भरून काढता येऊ लागली, २०१९ पासून स्वभावाचा परिणामही बदलता येऊ लागला. तरी ज्याच्याजवळ वेळ नाही, जुने खेळ नाहीत, तो मागेच राही. आणि आकडे लिहून प्राणी तयार करून देणारी साधने तर केव्हाचीच उपलब्ध होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत तपासणी कडक झाली आणि असे प्राणी आढळल्यावरून अनेक खेळाडू बाद ठरले. काहींनी ते दुसऱ्याकडून घेतले होते. रचना माझी, ती चालवणारी बुद्धी माझी, मग माती कोणी मळली याला काय महत्त्व, असा एक पक्ष. नियम सर्वांना ठाऊक होता, इतरांनी रात्री घालवल्या होत्या, असा दुसरा. माझ्या विद्यार्थ्याचे मत पहिल्या पक्षाचे होते. माझे दुसऱ्या, पण ती वही पाहिली नसती तर कदाचित नसते.

त्याआधीच एक शांत बदल होऊन गेला होता. २०२२-२३ च्या हंगामापासून मोठ्या अधिकृत स्पर्धांत दोन्ही खेळाडूंना परस्परांची यादी डावाआधीच मिळू लागली : प्राणी कोणते, चाली कोणत्या, हातात काय, अंगचा गुण कोणता. पाचिरिसूसारखा धक्का आता पहिल्या चालीपर्यंतही टिकत नाही. ५१० गुणांच्या वाटपाचे आकडे मात्र झाकलेलेच राहिले. त्यांतले बारा गुण वेगातून काढून बचावात का घातले, कोणाचा कोणता फटका एका श्वासावर झेलण्यासाठी, हे समोरच्याला अजूनही तर्कानेच ओळखावे लागते.